डाव्या हाताचा हातमोजा

माझ्या धाकट्या बहिणीबद्दल लोक दोन गोष्टी सांगतात. एक, ती फार गरीब स्वभावाची आहे. दोन, तिने पोटच्या पोरीचा चांगला हात बांधून ठेवला होता. दोन्ही सांगणारी माणसं तीच असतात आणि एका दमात सांगतात. गरीब स्वभावाची बाई असं का करेल, हा साधा प्रश्न त्यांना पडत नाही. आता तिची मुलगी शाळेत जाते, डाव्या हाताने लिहिते आणि उजव्या हाताने वहीचं पान दाबून धरते. तर तीच माणसं म्हणतात, आजोबांनी नातीसाठी किती केलं! हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी बसमध्ये कंडक्टर आहे. दिवसभर ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणून ओरडत असते, त्यामुळे मी तोंड उघडलं की लोकांना ते भांडणच वाटतं. म्हणून लिहून टाकते.

धाकटी लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर काम करते. आधी कॉलर, मग खांदा, मग बाह्या, शेवटी पाठ. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चटक्यांचे जुने डाग आहेत. वाफेच्या त्या फुसफुसाटात बोलायचं तर घसा फोडावा लागतो, म्हणून तिथल्या बायका खुणांनीच बोलतात, आणि धाकटी घरी आल्यावरही फारसं बोलत नाही. लग्नाआधी आम्ही तिला चिडवायचो, की हिच्या तोंडातून शब्द काढायचा तर आधी पाणी शिंपडायला हवं. ती हसायची आणि गप्प बसायची.

ती पडली पेंटरच्या घरात. खाली दुकान, वर दोन खोल्या. तिचे सासरे दुकानांच्या पाट्या रंगवतात. ते डावरे, त्यांचे वडील डावरे, तिचा नवराही डावरा. सगळा बाजार त्यांना डावरा पेंटर म्हणूनच ओळखतो. ओल्या रंगावर हात घासू नये म्हणून ते पाटी शेवटाकडून रंगवतात, शेवटचं अक्षर आधी. रस्त्याने जाणारी पोरं थांबून पैजा लावतात, कसली पाटी होणार म्हणून. म्हातारा हे सगळं मनापासून एन्जॉय करतो. ‘‘आमचा डावा हात म्हणजे आमची इस्टेट,’’ असं येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवतो. त्यांच्या कलेबद्दल माझी काही तक्रार नाही. अक्षर खरंच देखणं आहे.

धाकटीची मुलगी बिट्टी जन्मली ती याच घरात. बाळंतपण सरळ झालं, पोरगी रडली, दूध प्यायली, सगळं ठीक. बसायला लागायच्या आधीच ती खुळखुळा डाव्या हाताने धरायला लागली. उजवीकडे धरला तरी अंग वळवून डावा हातच पुढे करायची. झालं! घरात नुसता आनंद. आजोबांनी तिच्या डाव्या मुठीत कोरडा ब्रश दिला आणि फोटो काढून घेतला. उजवी मूठ मिटलेलीच असायची, अंगठा आत. सासूबाई म्हणायच्या, मुठीत नशीब घेऊन आलीय पोर, सांडायला नको म्हणून उघडत नाही.

धाकटीला मात्र अंगडं घालताना कळलं. डावी बाही सुळकन जायची. उजवीत हात घालायचा तर कोपर कडक व्हायचं, आणि घाई केली की आणखी कडक. ती नवऱ्याला म्हणाली, ‘‘उजवा हात जरा बघा हो, सैल सुटत नाहीये.’’ तो म्हणाला, ‘‘अगं, डावरी आहे ती.’’ सासूबाईंना म्हणाली, त्यांनीही तेच सांगितलं. मग घराजवळच्या डॉक्टरांकडे गेली. हे डॉक्टर संध्याकाळी तिच्या सासऱ्यांबरोबर पत्ते खेळतात. ते हसले. ‘‘डावऱ्यांच्या घरात डावरी नाही तर काय उजवी जन्मेल? नेहमीचं आहे. घाबरट आहात तुम्ही.’’ मुलीच्या हाताला हात न लावता सांगितलं त्यांनी हे! तपासायची फी मात्र घेतली.

मला पुढे कळलं ते सांगते, कारण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. एवढं तान्हं मूल डावरंही नसतं आणि उजवंही नसतं. वर्षाच्या आतलं मूल दोन्ही हातांनी ओढतं, दोन्ही हातांनी तोंडात घालतं. कोणता हात आवडीचा, ते बरंच पुढे ठरतं. इतक्या लवकर एकच हात पुढे यायला लागला, तर टाळ्या वाजवायच्या नसतात. दुसरा का येत नाही ते विचारायचं असतं. दुसऱ्या कुठल्याही घरात कोणीतरी विचारलंच असतं. या एका घरात तो प्रश्न विचारायची सोय नव्हती, कारण तिथे उत्तर आधीपासूनच पाटीवर रंगवून ठेवलेलं होतं.

बिट्टी उशिरा चालायला लागली. चालली तीसुद्धा उजवी टाच उचलून, चवड्यावर. आजोबा म्हणाले, नाचरी आहे! तेव्हा मात्र धाकटी कोणाला न विचारता मुलीला काखोटीला मारून माझ्या बसमध्ये चढली आणि म्हणाली, ‘‘ताई, मोठ्या दवाखान्याच्या स्टॉपला उतरव, आणि तूही चल.’’ मी ड्युटी संपवून गेले.

तिथली मुलांची डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने बिट्टीला चटईवर सोडलं, बराच वेळ नुसतं खेळताना बघितलं, मग हात-पाय हलवून पाहिले. मेंदूचा फोटो काढायला लावला. फोटो आल्यावर तिने आम्हाला समोर बसवून सांगितलं. या आजाराला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. जन्माच्या आधी किंवा जन्माच्या सुमारास बिट्टीच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका लहानशा भागाला इजा झाली होती, आणि त्या भागाकडून उजव्या हातापायाला हुकूम जातो. हात धडधाकट आहे, हुकूम नीट पोचत नाही. ही इजा वाढणार नाही, पसरणार नाही, कोणाला लागणार नाही. पूर्ण बरीही होणार नाही. पण हात वापरलाच नाही तर स्नायू आखडत जातील, आणि मेंदू त्या हाताला विसरायला लागेल. जितकं लवकर काम सुरू कराल तितकं बरं.

‘‘आणखी लवकर आणलं असतं तर?’’ धाकटीने विचारलं.

‘‘तर आणखी बरं झालं असतं,’’ डॉक्टरीणबाई म्हणाली. खोटं बोलली नाही, म्हणून मला ती आवडली.

‘‘माझ्यामुळे झालं का?’’

‘‘नाही. तुम्ही काही केल्यामुळे नाही, काही न केल्यामुळेही नाही. पुष्कळदा कारण आम्हालाही सापडत नाही.’’

हे शेवटचं वाक्य धाकटीने घरी जाऊन सांगितलं. पण घरच्यांना कारण हवंच होतं, आणि ते त्यांना पाच मिनिटांत सापडलं. सासूबाई म्हणाल्या, पोटुशी असताना इस्त्रीपाशी उभी राहायची, वाफ लागली असणार पोटाला. शेजारीण म्हणाली, गरम इस्त्री उचलून उचलून नाळ ताणली असेल. उचलली जीभ, लावली टाळ्याला! नवव्या महिन्यापर्यंत ती उभी राहिली, तेव्हा तिच्या पगारावर घर चाललं होतं आणि वाफ कोणालाच दिसली नव्हती. सासरे म्हणाले, ‘‘आमच्या घराण्यात असलं काही नाही.’’ म्हणजे डावा हात तेवढा त्यांचा, आणि उजवा आमच्याकडून आलेला!

खरं सांगायचं तर म्हातारा दुष्ट नाही. दुष्ट असता तर मला बरं पडलं असतं. त्याचा बिट्टीवर फार जीव. दुपारी धाकटी कामावर असायची आणि सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून पोर दुकानात आजोबांजवळच असायची. तिने बिस्किटाचा पुडा मागितला की ते फोडून द्यायचे. बाटली मागितली की झाकण काढून तोंडाला लावायचे. केळं सोलून, तुकडे करून. दोन हातांचं कोणतंही काम त्या मुलीसमोर पडू म्हणून द्यायचे नाहीत. लोक म्हणायचे, काय तो लळा!

त्याच दवाखान्यात हातापायांचे व्यायाम करून घेणाऱ्या थेरपिस्टबाईंकडे धाकटी नेमाने जायची. बुटात पट्टी बसवून पाय सुधारत होता, पण हात जिथल्या तिथे. बिट्टी तिसरं संपवून चौथ्यात गेली तेव्हा बाईंनी एक उपाय सांगितला. रोज थोडा वेळ, काही आठवडे, खेळताना चांगल्या हाताला मऊ हातमोजा घालायचा. डावा हात मोज्यात गेला की उजव्याला पुढे यावंच लागतं. शिक्षा म्हणून नाही, रडवून नाही, खेळ म्हणूनच. आणि बाकीचा दिवस दोन्ही हात मोकळे. धाकटीने लाँड्रीतल्या फाटक्या टॉवेलचा हातमोजा शिवला, त्याला दोन बटणांचे डोळे लावले, मासा केला. बिट्टीला तो मासा फार आवडला. ती त्याच्याशी बोलायची.

सकाळी धाकटीला लवकर जावं लागे, म्हणून हा खेळ दुकानातच व्हायचा असं ठरलं. तिने सासऱ्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. सुनेने बोलायचं आणि आपण मान हलवायची, एवढंच त्यांना कबूल होतं, बाकीचं नाही. पण हे तेव्हा तिला कुठे ठाऊक?

आठवडे गेले. थेरपिस्टबाईंनी हात पाहिला, पुन्हा पाहिला आणि धाकटीला सुनावलं. ‘‘तुम्ही घरी काही करून घेत नाही. मला फसवून काय उपयोग? नुकसान तुमच्या मुलीचं आहे.’’ बाहेर बाकांवर चार माणसं ऐकत होती. धाकटी मान खाली घालून उभी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच! परतीच्या बसमध्ये ती मला म्हणाली, ‘‘ताई, मोजा मी सैल शिवलाय की काय गं?’’ चूक शोधायची तर तिला आधी स्वतःचीच दिसते. तिची ही सवय मला अजिबात आवडत नाही.

मग एक दिवस लाँड्रीतला बॉयलर बंद पडला आणि सगळ्यांना लवकर सोडलं. धाकटी दुकानाशी आली तर मासा भिंतीवरच्या खिळ्याला, ब्रशांच्या शेजारी लटकत होता. बिट्टी डाव्या हाताने पत्र्याच्या तुकड्यावर रंग फासत होती, उजवा हात मांडीवर, मिटलेला. आजोबा बघून खूश. पोरीने आईला बघितलं आणि पटकन आजोबांकडे पाहिलं. धाकटीला जास्त लागलं ते तेच. तीन-साडेतीन वर्षांच्या पोरीला आईपासून लपवायला शिकवलं होतं.

‘‘मोजा कोणी काढला?’’ तिने विचारलं.

‘‘मी काढला. रोज काढतो,’’ सासरे म्हणाले. लपवायची गरज संपल्यावर माणूस कसा ताठ होतो! ‘‘देवाने एक हात धड दिलाय, तोही बांधून ठेवतेस? तू आई आहेस की वैरीण? मला नाही बघवत.’’

‘‘तुम्हाला बघवत नाही म्हणून तिचा हात जायचा का, मामंजी?’’

‘‘तो गेलेलाच आहे सूनबाई. जो आहे तो तरी जप. एका हाताने माणूस राजासारखा जगतो. माझ्याकडे बघ. सगळं आयुष्य या एका हातावर काढलं मी.’’

तेव्हा धाकटी, जिच्या तोंडातून शब्द काढायला पाणी शिंपडावं लागतं ती, पुढे गेली आणि त्यांच्या उजव्या हातातली काठी काढून घेतली. पाटी रंगवताना ते ही काठी उजव्या हाताने पाटीवर तिरकी धरतात आणि तिच्यावर डावं मनगट टेकतात, म्हणून अक्षर थरथरत नाही. ‘‘आता रंगवा,’’ ती म्हणाली. ‘‘तुमचा उजवा हात धरतो म्हणून डावा लिहितो. मी तिच्यासाठी एवढंच मागतेय. लिहिणारा नको, धरणारा हात हवा मला.’’

म्हातारा भडकला. काठी हिसकावून घेतली, आवाज चढवला. समोरचे दुकानदार बाहेर आले. पोरीचा धड हात बांधते, पोरीचा धड हात बांधते, एवढंच रस्त्यावर ऐकू गेलं, आणि तेवढंच गावभर झालं. रात्री धाकटीचा नवरा म्हणाला, ‘‘तसं दोघांचंही बरोबर आहे.’’ दोघांचंही बरोबर म्हणणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग येतो. एकाचं बरोबर असलं की दुसऱ्याला चूक म्हणावं लागतं, आणि दुसरा आपला बाप असला की यांची जीभ टाळ्याला चिकटते. धाकटीने दुसऱ्या दिवसापासून बिट्टीला लाँड्रीत नेलं. मालकाने एक दिवस चालवून घेतलं, मग म्हणाला, इथे वाफ आहे, पोरीला चटका बसला तर मी नाही जबाबदार. पोर पुन्हा दुकानात. दुसरीकडे ठेवणार कुठे?

थेरपिस्टबाईंना तिने खरं काय ते सांगितलं. बाई ओशाळल्या. म्हणाल्या, ‘‘पुढच्या वेळी आजोबांनाच घेऊन या.’’

ते आले. पांढराशुभ्र शर्ट घालून, वाद घालायच्या तयारीने. मीही रजा टाकून गेले, कारण वाद झालाच तर आमच्या बाजूने कोणीतरी ओरडणारं हवं. खोलीत जाडसर चटई, ठेंगणी स्टुलं, एक टोपलीभर चेंडू. आजोबा एका ठेंगण्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन बसले आणि म्हणाले, ‘‘बोला.’’ बाई म्हणाल्या, ‘‘मी काही बोलत नाही, तुम्ही फक्त बघा.’’

त्यांनी बिट्टीच्या डाव्या हाताला मासा घातला आणि तिच्या उजवीकडून हळूच चेंडू सोडला. ‘‘अडव त्याला!’’ चेंडू तिच्या उजव्या हाताला घासून पुढे गेला. बिट्टीने त्याच्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि काहीच केलं नाही. प्रयत्नसुद्धा नाही. बाईंनी पुन्हा सोडला. पुन्हा तसंच.

‘‘का गं, अडवायचा नाही?’’

‘‘तो हात माझा नाहीये,’’ बिट्टी म्हणाली. अगदी साध्या आवाजात, कोणाची तरी चप्पल माझी नाही म्हणावं तसं.

बाई हसल्या नाहीत. ‘‘मग कोणाचा आहे?’’

‘‘कोणाचाच नाही. तो बिचारा आहे. आजोबा म्हणतात, त्याला काही सांगू नकोस.’’

वाद घालायला आलेला म्हातारा स्टुलावर पुढे वाकून तिच्या त्या मिटल्या हाताकडे बघत राहिला. मी बघत होते. मला वाटलं होतं, त्याची अशी फजिती झाली की मला आनंद होईल. मुळीच झाला नाही. पोरीचा हात पोरीकडून काढून घेतला गेला होता, लाडाने, रोज थोडा थोडा, बिस्किटाचा पुडा फोडून देता देता. यात आनंद कसला?

‘‘मामंजी,’’ धाकटी म्हणाली, ‘‘तो हात कोणाचा आहे ते तुम्हीच सांगा तिला. माझं ती ऐकणार नाही.’’

आजोबा स्टुलावरून खाली चटईवर आले. ‘‘तुझाच आहे गं बिट्टे,’’ ते म्हणाले. ‘‘तुझाच आहे तो.’’

बिट्टीने जरा विचार केला.

‘‘मग त्याला खेळायला का नाही घेत तुम्ही?’’ ती म्हणाली.

त्यांनी टोपलीतला चेंडू उचलला आणि तिच्या उजव्या हाताकडे सोडला. तो गेला. त्यांनी पुन्हा सोडला. गुडघे दुखत असतील, पण उठले नाहीत. बऱ्याच वेळाने चेंडू मिटल्या मुठीला लागून थांबला. अडवला की आपोआप थांबला, मला सांगता येणार नाही. बिट्टी मात्र ओरडली, ‘‘थांबला!’’

धाकटी उठून बाहेर गेली. मी मागोमाग. ती भिंतीला टेकून रडत होती, आणि हे रडणं समाधानाचं नव्हतं, एवढं मला तिच्या ओठांवरून कळलं. मी म्हटलं, ‘‘अगं, कळलं ना त्यांना शेवटी. आता कशाला?’’

‘‘कशामुळे कळलं, ताई?’’ ती म्हणाली. ‘‘मी सांगत होते तेव्हा नाही कळलं. डॉक्टरीणबाईचं सांगितलं तेव्हा नाही. पोर बोलली म्हणून कळलं. तिला बोलता येतं म्हणून.’’

समोरच्या बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर बिट्टीएवढाच मुलगा. त्यालाही हाच आजार, पण सगळ्या अंगाला. मान तिच्या दंडावर टेकवलेली, हातपाय ताठ, तोंडातून शब्द नाही, नुसती लाळ. ती रुमालाने पुसत होती. शेजारचे म्हातारे गृहस्थ, तिचे कोणीतरी घरचेच, तिला समजावत होते, की याला काही कळत नाही तर एवढी धावपळ कशाला करतेस. मुलगा त्यांच्या तोंडाकडे टक लावून ऐकत होता.

धाकटीने त्या मायलेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘हिने कोणाला बोलायला लावायचं?’’ ती म्हणाली.